वाढलेलं वजन आणि लिव्हरचा कॅन्सर: ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात मी फिजिशियन म्हणून काम करतो. पूर्वी पोटाच्या सोनोग्राफीचा कागद घेऊन लोक यायचे ते मुतखड्याचं विचारायला. आता त्याच कागदावरच्या वेगळ्या ओळीवर बोट ठेवतात: ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’. कुणी ती ओळ वाचून रात्रभर झोपलेलं नसतं, कुणी तो कागद घडी घालून चार वर्षं कपाटात ठेवलेला असतो. या दोघांसाठीही हे लिहितोय. प्रश्न लोकांचेच आहेत, फार फिरवाफिरव न करता ठेवलेत.

वजन वाढलं की लिव्हरचा कॅन्सर होतो, हे खरं की नुसती भीती घालता?

संबंध खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली तोवरचा सगळा पुरावा एकत्र तपासला. अंगावर जादा चरबी नसेल तर १३ प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी राहतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या १३ मध्ये लिव्हर आहे. वजन बेताचं असलेल्यांच्या तुलनेत सर्वांत लठ्ठ गटाला लिव्हरच्या कॅन्सरचा धोका साधारण १.८ पट दिसला.

हा ‘१.८ पट’ नीट समजून घ्या. शंभर लठ्ठ माणसांतल्या ऐंशी जणांना कॅन्सर होणार, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लिव्हर धडधाकट असलेल्या माणसाचा मूळ धोका फार लहान असतो आणि लहान आकड्याची जवळपास दुप्पट झाली तरी तो लहानच राहतो. पण त्याच वजनासोबत शुगर आली, दारू आली, हिपॅटायटीस (लिव्हरला सूज आणणारा विषाणू) आला, किंवा लिव्हर व्रणांनी कडक होऊन सिरोसिसपर्यंत गेलं, की तो आकडा लहान राहत नाही. जगात २०२२ साली लिव्हरच्या कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार जण त्याने गेले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, कारण हा कॅन्सर बहुतेक वेळा उशिरा सापडतो.

इथे मी लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरबद्दल बोलतोय. आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून लिव्हरमध्ये येतो, ती वेगळी गोष्ट.

मी माळकरी आहे. दारूचा थेंब नाही, मटण नाही. मला लिव्हरचं काही होईलच कसं?

या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो.

औसा तालुक्यातले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय ५८, वजन ८४ किलो, अकरा वर्षांची शुगर. गावच्या सप्ताहात पखवाज वाजवायचे. पोट फुगलं म्हणून आले, तेव्हा पोटात पाणी झालेलं होतं, पायाला सूज होती. पखवाजाचा पट्टा खांद्यावर ठरत नाही, असं म्हणाले, इतके दंड वाळले होते. सोनोग्राफीत लिव्हर आक्रसलेलं आणि त्यात नऊ सेंटिमीटरची गाठ. सीटी स्कॅनमध्ये गाठ मुख्य शिरेत शिरलेली दिसली. हिपॅटायटीस बी आणि सी दोन्ही नव्हते.

त्यांच्या मंडळींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “थेंब शिवला नाही ओ त्यांनी कधी. गावात लोकं म्हणलालेत, चोरून पीत असतील.” आणि ते स्वतः खाटेवर बसून गळ्यातली तुळशीची माळ बोटांत धरून विचारत होते, “डॉक्टरसाहेब, माझ्या माळेला डाग लागला का?”

मी केस पेपरवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: ‘हा आजार दारूमुळे झालेला नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह यामुळे लिव्हरमध्ये चरबी साठून झालेला आहे.’ मंडळींनी तो कागद पोथीच्या फडक्यात बांधून नेला.

आपल्याकडे ‘लिव्हर खराब’ आणि ‘दारुडा’ हे शब्द एकमेकांना चिकटलेत. त्यामुळे न पिणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, तपासत नाही, आणि आजार निघाला की घरचे तोंड लपवतात. दारूने लिव्हर खराब होतंच, त्यात शंका नाही. पण दारूशिवायही चरबी, सूज, सिरोसिस आणि कॅन्सर हा पूर्ण रस्ता चालून जाता येतो. या आजाराच्या नावातला ‘दारूविना’ हा शब्द २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बदलला आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नाव दिलं. माळकऱ्याने दारू टाळून एक मोठा धोका टाळला, हे शंभर टक्के खरं. पण शाबूची खिचडी, सप्ताहातली बुंदी आणि दिवसाचे सहा कप गोड चहा यांना माळ अडवत नाही.

चरबी पोटावर आणि कॅन्सर लिव्हरमध्ये, हे कसं काय?

जुन्या लोकांना पेव, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा, माहीत असतं. ज्वारी जास्त पिकली की पेवात. पेव भरलं की पोती ओसरीवर, ओसरी भरली की माजघरात आणि शेवटी देवघरातही थप्पी लागते. शरीराचंही तसंच चालतं. खाल्लेल्यातलं खर्च न झालेलं शरीर चरबी करून आधी कातडीखाली ठेवतं. ती जागा कमी पडली की आतड्यांभोवती. तीही भरली की लिव्हरच्या पेशींत. कातडीखालचं पेव प्रत्येकाचं वेगवेगळ्या मापाचं असतं आणि आपल्या भारतीय लोकांचं बहुधा लहानच असतं. म्हणून हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्याकडे इतकी दिसतात.

आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त थेट एका मोठ्या शिरेने लिव्हरमध्ये जातं. त्यासोबत चरबीचे कण आणि सूज वाढवणारी रसायनं रोज लिव्हरवर येऊन पडतात. लिव्हरच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं. काहींचं तिथेच थांबतं. काहींच्या पेशी ही चरबी जाळता जाळता स्वतः पोळतात, त्यांना सूज येते, त्या मरतात. लिव्हरचा गुण असा की मेलेल्या पेशीच्या जागी ते नवी पेशी घडवतं. नवी पेशी घडवताना डीएनएची नक्कल करावी लागते, आणि सुजलेल्या, पोळलेल्या जागी वर्षानुवर्षं नकला होत राहिल्या की त्यात चुका साठत जातात. सोबत भाजलेल्या कातडीवर राहतो तसा कडक व्रण लिव्हरमध्ये जागोजागी तयार होतो. व्रणांनी सगळं लिव्हर गाठीगाठींचं झालं की तो सिरोसिस.

आता इन्सुलिन. चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन साखर आवरतंच, पण पेशींना ‘वाढा’ असंही सांगतं. रानात युरिया टाकला की तो फक्त पिकाला लागत नाही, तणालाही लागतो. चुकलेल्या पेशीला असं खत मिळत राहतं.

या सगळ्याला बहुतेकांच्या बाबतीत वीस-तीस वर्षं लागतात. मधे थांबायला जागा पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: फॅटी लिव्हरच्या काही रुग्णांत सिरोसिस व्हायच्या आधीच कॅन्सर सापडतो.

नेमकं किती वजन म्हणजे जास्त?

वजनाला उंचीच्या वर्गाने भागा, उंची मीटरमध्ये घ्या. समजा उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. ७२ ला २.७२ ने भागलं की साधारण २६.४. हा तुमचा बीएमआय. पाश्चात्त्य मापाने २५ पर्यंत ठीक समजतात. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला शुगर आणि फॅटी लिव्हर कमी वजनातच गाठतात.

पण मला काट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा आहे. शिंप्याकडे असते ती साधी टेप घ्या. शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप फिरवा, श्वास सोडून मोजा, पोट आत ओढू नका. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द. पँटीचा नंबर सांगू नका. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे नंबर वीस वर्षं ‘३४’ च राहतो. आशाताई घरी येऊन तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरते, त्यात कंबरेच्या मापाचा रकाना असतो. तो अंदाजाने भरू देऊ नका. मोजायला लावा.

मी तर सडपातळ आहे. मला फॅटी लिव्हर कसं निघालं?

पोट मोजा. वजन ६० किलो आणि कंबर ९४ असलेली माणसं मी दर आठवड्याला बघतो. घराण्यात शुगर असेल, तिशीनंतर वजन आठ-दहा किलोंनी वाढलं असेल, तर काट्यावर ‘नॉर्मल’ दिसूनही लिव्हरमध्ये चरबी असू शकते.

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलंय. आता कॅन्सर होणार का?

जवळजवळ नक्कीच नाही, निदान नजीकच्या काळात तरी नाही. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांना कधीच कॅन्सर होत नाही. पण हा कागद घडी घालून ठेवायचाही नाही.

ग्रेडचा आकडा चरबी किती ते सांगतो. व्रण किती झालेत ते तो सांगत नाही, आणि पुढचं सगळं व्रणांवर अवलंबून असतं. त्यासाठी एक फुकटातला हिशोब आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वय आणि रक्ताच्या रिपोर्टमधले एसजीओटी, एसजीपीटी (हे दोन लिव्हरचे आकडे) आणि प्लेटलेट एवढंच लागतं. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६०, प्लेटलेट १ लाख ८० हजार. वय गुणिले एसजीओटी: ५२ × ४८ = २४९६. प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे १८०, आणि त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने, म्हणजे ७.७५ ने गुणायचं: १३९५. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.७९ येतं. १.३ च्या खाली असेल तर वजनावर काम करायचं आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघायचं. २.६७ च्या वर असेल तर पोटविकार तज्ज्ञाकडे जायचं. मधला आकडा आला तर फायब्रोस्कॅन करायचा. त्यात लिव्हर किती कडक झालंय ते सुई न टोचता कळतं. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ धरतात आणि पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशोब नीट लागू पडत नाही.

हा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या. तो केला नसेल तर ‘माझा फिब-४ किती येतो?’ एवढंच विचारा. यात कुणाचा अपमान होत नाही.

एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर चांगलं ना?

तसं नाही. सिरोसिस झालेल्या माणसाचा एसजीपीटीही नॉर्मल असू शकतो.

मला शुगर आहे. त्याचा वेगळा धोका आहे का?

आहे. मधुमेह असलेल्यांना लिव्हरच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट दिसून येतो, आणि लठ्ठपणा व मधुमेह एकत्र आले की व्रण लवकर वाढतात. माझ्या मते प्रत्येक शुगरच्या रुग्णाचा वर्षातून एकदा फिब-४ काढायलाच हवा. आपण डोळे तपासतो, पाय तपासतो, किडनी तपासतो. लिव्हर मात्र राहून जातं.

मग खायचं काय? भाकरी चालेल का?

भाकरी चालेल म्हणून काय विचारता, भाकरी हीच आपली ठेव आहे. मालदांडीची ज्वारी, तुरीचं वरण, शेपू-चुका-चाकवताची भाजी, मठाची किंवा हरभऱ्याची भाजी, ताक, कांदा. मराठवाड्यातल्या आजीच्या ताटात लिव्हरला नको असं फार काही नव्हतं. बदललं ते पुढच्या दोन पिढ्यांत. सकाळी भाकरीऐवजी टोस्ट आणि खारी, दुपारी पॉलिश केलेला भात, चारला वडापाव नाहीतर भजी, रात्री बाहेरची भाजी तेलाच्या तवंगासकट.

दोन हिशोब मी रुग्णांकडून कागदावर करून घेतो. पहिला साखरेचा. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. महिन्याला दीड किलोच्या आसपास साखर एकट्या माणसाच्या चहात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा बराचसा निपटारा लिव्हरलाच करावा लागतो, जादा झालं की लिव्हर त्याची चरबी करतं. गूळ घातला तरी हिशोब तोच. थंड पेयाची बाटली आणि रसवंतीवरचा मोठा ग्लासही यातच येतो.

दुसरा तेलाचा. घरात पाच माणसं आणि पंधरा किलोचा डबा अडीच महिन्यांत संपतो. १५,००० ग्रॅम भागिले पाच माणसं, भागिले ७५ दिवस, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला २५-३० ग्रॅमच्या पुढे गरज नाही. डबा साडेतीन महिने पुरवा. बाकी काही मोजायची गरज पडत नाही, डब्यावर तारीख लिहून ठेवा.

लग्नसराई आणि धोंड्याचा महिना याबद्दल मी कुणाला बोलत नाही. जावयाने धोंडे खावेत. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या महिन्याने लिव्हर बिघडत नाही. ते रोज चारच्या चहासोबतच्या फरसाणाने बिघडतं.

उपवासाचं मात्र बोलतो. गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी असे आठवड्याला दोन उपवास धरणाऱ्या बाईच्या पोटात त्या दिवशी शाबू, बटाटा, शेंगदाण्याचा कूट, तूप आणि साखर जाते. भगर, ताक, काकडी, एखादं फळ यावर उपवास निभतो.

मी दिवसभर शेतात असतो. व्यायाम कशाला लागतो?

खरंच दिवसभर खुरपं, कुदळ, कोयता हातात असेल तर लागत नाही. ऊसतोड करणाऱ्या जोडप्यांना मी व्यायाम सांगत नाही, त्यांना विश्रांती आणि पोटभर सकस अन्न लागतं. पण शेत बांधापर्यंत मोटारसायकलवर, नांगरट ट्रॅक्टरने, फवारणी गड्याकडून, आणि उरलेला वेळ पारावर, असा दिवस असेल तर तो बैठ्या कामातच धरावा लागेल. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल अशा चालीने चाला. वजन न घटताही नियमित चालण्याने लिव्हरमधली चरबी कमी होते.

किती वजन उतरवलं म्हणजे फरक पडतो?

८० किलोचा माणूस धरू. चार किलो, म्हणजे पाच टक्के उतरले की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते. सहा ते आठ किलो उतरले की सूज हटू लागते. आठ किलोंच्या पुढे, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त, अनेकांचे व्रणसुद्धा मागे हटतात. हे मी स्वतः फायब्रोस्कॅनच्या आकड्यांत उतरताना पाहिलंय आणि तो आनंद औषध लिहून देण्यात नाही.

घाई करू नका. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. उपाशी राहून महिन्यात बारा किलो उतरवणाऱ्यांचं लिव्हर उलट बिघडू शकतं आणि पित्ताशयात खडे होतात. वजन उतरवायची नवी इंजेक्शनं आहेत, काही रुग्णांना ती खरंच उपयोगी पडतात, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नकोत.

बुरशी लागलेल्या शेंगांनी लिव्हरचा कॅन्सर होतो म्हणतात, ते काय आहे?

हा प्रश्न वजनाचा नाही, पण मराठवाड्यात तो टाळून चालणार नाही. भुईमुगाच्या शेंगा, मका आणि पेंड ओल धरतात तेव्हा त्यांवर एक पिवळट-हिरवी बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. माणसात कॅन्सर घडवणारं म्हणून ते पक्कं सिद्ध झालेलं आहे, आणि त्याचा मारा लिव्हरवर असतो. ज्याला हिपॅटायटीस बी आहे त्याच्या बाबतीत हा धोका कित्येक पट होतो.

काढणीला पाऊस लागला, शेंगा ढिगात राहिल्या, मग वाळवून पोत्यात भरल्या. हे आपल्याकडे दरसाल होतं. चांगल्या शेंगा बाजारात जातात आणि किडक्या, काळ्या घरात चटणीला राहतात. ही सवय मोडा. कडवट, खवट, सुरकुतलेला, रंग गेलेला दाणा फेका. भाजल्याने विष पुरतं जात नाही, कुटून तिखट-मीठ घातल्याने चव लपते एवढंच. जनावरांनाही ती घालू नका, बुरशीच्या पेंडीतलं विष दुधात उतरतं. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब.

शेंगदाणा वाईट नाही. चांगला वाळलेला, कडक, गुलाबी दाणा खुशाल खा.

हिपॅटायटीस बी आणि सी तपासायची गरज आहे का?

एकदा तरी, प्रत्येकाने. भारतात लिव्हरच्या कॅन्सरमागे हिपॅटायटीस बी हे अजूनही मोठं कारण आहे, आणि वजनदार माणसाला तो असेल तर दोन्ही धोके एकत्र येतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी पूर्ण बरा होतो, बी औषधाने आटोक्यात राहतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस टोचलीच पाहिजे. घरची मोठी माणसंही तीन डोस घेऊ शकतात.

थोडी दारू, महिन्यातून एखाद्या वेळी?

पोट सुटलेलं असेल किंवा फॅटी लिव्हर असेल तर अजिबात नको. चरबी आणि दारू यांची लिव्हरमध्ये नुसती बेरीज होत नाही, एक दुसऱ्याला जोर देतं.

कॉफीने लिव्हर चांगलं राहतं का?

कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो, हे अनेक अभ्यासांत आढळलंय. प्यायची असेल तर बिनसाखरेची प्या. ज्याला आवडत नाही त्याने औषध म्हणून सुरू करावी असं मी सांगत नाही.

काविळीचं औषध देणारे आहेत, आधी तिथे जाऊन आलो तर काय बिघडतं?

वेळ बिघडते. डोळे पिवळे होण्यामागे साधी कावीळ असू शकते आणि लिव्हरमधली गाठही असू शकते. साधी कावीळ महिन्या-दीड महिन्यात आपली आपण ओसरते, श्रेय उताऱ्याला जातं, आणि म्हणून पुढच्याही माणसाला घरचे तिथेच नेतात. माळेची, हाताला चुन्याच्या पाण्याची, नाकात थेंब टाकायची, सगळ्या प्रकारची औषधं करून तीन-चार आठवड्यांनी आलेले रुग्ण मी पाहिलेत. श्रद्धा म्हणून जायचं असेल तर जा. पण त्याच दिवशी रक्त आणि सोनोग्राफी करून घ्या. पोटात घ्यायच्या अनोळखी चूर्णात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि ते पचवायचं काम त्याच आजारी लिव्हरला करावं लागतं.

लक्षणं कोणती?

सुरुवातीला काहीच नाहीत. भूक मरणं, वजन आपोआप उतरणं, उजव्या बरगडीखाली जडपणा, पोटात पाणी, डोळे पिवळे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, हे सगळं उशिराचं आहे. यातलं काहीही असेल तर आजच दाखवा. लक्षणांची वाट पाहायची नाही, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

सिरोसिस आहे असं सांगितलंय. कॅन्सर लवकर सापडावा म्हणून काय करायचं?

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी. तब्येत ठणठणीत वाटत असली तरी. मी रुग्णांना गुढीपाडवा आणि दसरा सांगतो, दोन्हींत साधारण सहा महिन्यांचं अंतर आहे. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर कापून काढता येते, सुईने जाळता येते, काहींना लिव्हर प्रत्यारोपणाचा मार्ग असतो. नऊ सेंटिमीटरची होऊन शिरेत शिरल्यावर हे सगळे दरवाजे बंद होतात आणि औषधांनी काही महिने वाढवणं एवढंच उरतं.

हे सगळं मराठवाड्यात होतं का, की मुंबई गाठायची?

तपासणीसाठी मुंबईची गरज नाही. लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सोनोग्राफी, सीटी आणि रक्ततपासण्या होतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. फायब्रोस्कॅन सगळीकडे नसतो, आधी विचारून निघा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, निम्मा दिवस त्याच्याविना वाया जातो. प्रत्यारोपणासाठी मात्र अजूनही बहुतेकांना पुण्या-मुंबईकडे जावं लागतं.

घरात एकाला हा आजार झाला. बाकीच्यांनी तपासावं का?

हो. आजार संसर्गाने पसरत नाही, पण ताट एकच असतं, आणि चरबी कुठे साठवायची हा स्वभाव रक्तातून येतो. पहिल्या नात्यातल्यांनी, म्हणजे भाऊ, बहीण, मुलं यांनी कंबर, शुगर आणि फिब-४ बघून घ्यावं.

पखवाज वाजवणारे ते गृहस्थ पाच महिन्यांनी गेले. तेराव्यानंतर त्यांची दोन्ही मुलं मला भेटायला आली, आभार मानायला म्हणून. मी टेप काढली. धाकट्याची कंबर ८६ भरली. थोरल्याची १०२, वय ३६, उपाशीपोटी साखर ११८, फिब-४ एकच्या खाली. त्याला मी एवढंच लिहून दिलं: चहा बिनसाखरेचा, शेतात जायचं पायी, आणि पाडव्याला पुन्हा यायचं. तो पाडव्याला आला तेव्हा टेप ९७ वर थांबली. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं, खिळ्याने, घरीच. ते त्याने शर्ट वर करून दाखवलं.